युन ह्योंग-ग्युन यांच्या काळ्या पट्ट्यांत आभाळ कुठे आहे?

निळावंती:
नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं सोलमध्ये आहे. काल कोरियन चित्रकार युन ह्योंग-ग्युन (१९२८–२००७) यांचं चित्र पाहिलं. कोऱ्या कापडावर दोन रुंद काळपट उभे पट्टे, मधे सोडलेली वाट. सोबतच्या कोरियन मैत्रिणीनं सांगितलं, यात आभाळ आणि जमीन आहे. अर्धा तास माझा पाय निघत नव्हता, पण आभाळ काही सापडलं नाही. कुणी समजावेल का?

कॅनव्हासवाला:
ताई, तो काळा रंग काळा नाहीच. बर्न्ट अंबर (मातकट गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन निळा, एवढे दोनच. युन यांच्या लेखी निळा म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे माती. म्हणून या चित्रांना ते स्वर्ग आणि पृथ्वीचं दार म्हणत.

मी हे घरी करून पाहिलंय. मांजरपाट धुऊन खळ काढली, रंग जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये पार पातळ केला आणि रात्री एकच पट्टा ओढून झोपलो. सकाळी बघतो तर तेल रंगाच्या बोटभर पुढे सरकलेलं, कडेला पिवळसर झाक. पावसाळ्यात भिंतीला ओल चढते ना, अगदी तशी. ती कड माझ्या हातची नव्हती, कापडानं आणि रात्रीच्या हवेनं काढलेली होती. मला तरी निसर्ग तिथेच भेटला.

पानगळ:
सुंदर लिहिलंय, पण नुसता निसर्ग म्हणून थांबू नका. १९७३ मध्ये शाळेत शिकवत असताना गैरमार्गानं दिलेल्या शाळाप्रवेशाविरुद्ध बोलले म्हणून युन यांना अटक झाली. त्यानंतर उजळ रंग सुटले ते सुटलेच. १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्करानं निदर्शकांचं हत्याकांड केलं, त्यानंतरच्या चित्रांत तर हे खांबासारखे पट्टे कलंडलेत. ती चित्रं पाहताना माझ्या पोटात खड्डा पडतो.

त्यांचे सासरे म्हणजे चित्रकार किम व्हान्की. ते बेटावर जन्मले आणि १९६३ पासून न्यूयॉर्कमध्ये राहून निळ्या ठिपक्यांनी कॅनव्हास भरत गेले. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडेही १९६४ मध्ये त्याच शहरात होते, हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

निळावंती:
शनिवारी परत जाते. या वेळी आधी कडा बघणार. कॅनव्हासवाला, खळ नाही काढली तर काय होतं?

कॅनव्हासवाला:
रंग वरच्या वर बसतो, आत मुरत नाही. दोनदा गरम पाण्यातून काढा.