एकशिक्षकी शाळा, बीएलओचं काम आणि आता सामूहिक रजा: मी काय करू?

सत्तरीची टीचर
गोव्यात वाळपईपासून बरीच आत आमची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी मिळून 14 मुलं आणि शिकवायला मी एकटी. त्यात मी बीएलओ, म्हणजे मतदार यादीच्या कामासाठी नेमलेली मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. सोमवारी फोन आला, "घरोघरी जाऊन याद्यांचं काम पुरं करा, शाळेचं तुम्ही बघून घ्या." लेखी काही नाही.

मागच्या खेपेला असंच सांगितलं तेव्हा मी मुलांना भाजी-पाव आणणाऱ्या बाईंच्या हवाली करून गेले. परत आले तर तिसरीतली एक मुलगी एकटीच व्हाळाकडे (ओढ्याकडे) गेलेली. तिला काही झालं नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

आता आमच्या शिक्षक संघटनेने दोन दिवस सामूहिक रजा टाकून पणजीच्या आझाद मैदानावर धरणं धरायचं ठरवलंय. शिक्षकांना अशा कामांना जुंपू नये, ही मागणी माझीच आहे, वर्गणीही मी दरवर्षी भरते. बीएलओचं काम नाकारता येतं का? आणि रजेवर गेले तर माझं काय होईल?

डिचोलीचा निवृत्त मास्तर
टीचर, आधी त्या मुलीचं. पुन्हा कोणीही सांगितलं तरी मुलांना सोडून जाऊ नका. उद्या काही घडलं, तर तो फोन केल्याचं कोणी कबूल करणार नाही.

काम नाकारू मात्र नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्यात. शिवाय 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 32 आहे. मतदार यादीच्या कामात सबळ कारणाशिवाय कसूर केली तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद.

तुमचा हक्क वेळेबाबत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सेंट मेरीज स्कूलच्या खटल्यात सांगितलं की, शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावं. तोच निकाल धरून मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना अर्ज करा, प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना. लिहा: "मी काम करते, शाळा सुटल्यावर आणि रविवारी. शाळेच्या वेळेत जायचं असेल तर लेखी आदेश द्यावा आणि बदली शिक्षक पाठवावा." आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास भरायचे असतात, तेही अर्जात घाला.

मे महिन्याच्या सुट्टीत बोलावलं तरी आदेश लेखीच मागा. सुट्टी बुडाली तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते, केंद्रीय नागरी सेवा (सीसीएस) रजा नियम 28. आदेश नसेल तर तुम्ही सुट्टी उपभोगली असंच धरतात. माझे असे कितीतरी दिवस गेले.

सामूहिक रजेबद्दल मन घट्ट करून लिहितो, कारण मी स्वतः संघटनेत वर्षं काढलीत. संघटना करणं हा घटनेच्या 19(1)(ग) चा हक्क आहे, पण संप हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात म्हटलंय. तुम्ही सरकारी नोकर, म्हणून संपाला मनाई करणारा सीसीएस वर्तणूक नियम 7 लागू. मंजुरीशिवाय सगळ्यांनी मिळून घेतलेली रजा संपातच मोजली जाते. पगार कापतात, शिस्तभंगाची नोटीसही येऊ शकते. शाळा सुटल्यावर किंवा रविवारी धरणं ठेवा म्हणून कार्यकारिणीत बोला. तिथे तुमच्या व्हाळाच्या गोष्टीइतकं वजन कशालाच नाही.

फोंड्याची बाई
मी अनुदानित हायस्कूलमध्ये, आम्हाला 1984 चा गोवा शालेय शिक्षण कायदा. काही जण कामगार न्यायालयात जाऊ म्हणतात, त्यांच्यासाठी: शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ठरवलं. आणि तो खटला गोव्यातल्याच एका शिक्षिकेचा, सुंदरांबल यांचा होता.

सत्तरीची टीचर
मास्तर, अर्ज काल दिला. कारकून म्हणाला, "फोनवर सांगितलंय ना?" मी शिक्का मिळेपर्यंत उभी राहिले. आज निरोप आला, रविवारी आणि साडेतीननंतर फिरा. बदली शिक्षकाचं काहीच नाही, म्हणून दुसरा अर्ज लिहितेय. शनिवारी संघटनेच्या बैठकीला जातेय. सामूहिक रजा टाकणार नाही, हे तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि का ते पण.