यजमानांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्याशी बोलावे तरी कसे?

प्रश्न

माझ्या यजमानांना अल्झायमरचे निदान होऊन काही वर्षे झाली. औषधे, जेवणखाण, अंघोळ यांची घडी मी बसवली आहे. माझी अडचण बोलण्याची आहे. घरातला प्रत्येक निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला आणि दिवसभराचे सारे रात्री एकमेकांना सांगितल्याशिवाय आम्ही कधी झोपलो नाही. आता संध्याकाळ झाली की ते दाराशी जातात, कडीवर हात ठेवून उभे राहतात आणि मला विचारतात, "बाई, माझी बायको कधी येणार?" "अहो, मीच ती," असे म्हटले की ते संतापतात. कधी आपले थोरले बंधू अजून का आले नाहीत, अशी चौकशी करतात. ते वारल्याचे सांगितले, तर ती बातमी प्रथमच ऐकल्यासारखे रडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारतात. दरवेळी खरे सांगावे की वेळ मारून न्यावी? दुसरी गोष्ट घरात कुणाजवळ बोलता येत नाही. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याच आठवणीने रडू येते, हे स्वाभाविक आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी माझ्या पत्नीची काळजी घेतो, म्हणून अनुभवाचे तेवढे लिहितो. "मीच ती" हे पटवून देण्याचा आग्रह सोडून द्यावा, कारण त्यांच्या मनातली पत्नी बहुधा तरुण आहे आणि समोरच्या चेहऱ्याशी तिचा मेळ त्यांना घालता येत नाही. त्याऐवजी "तुम्हाला तिची फार आठवण येते ना? कशी आहे ती?" असे विचारून पाहावे. माझी पत्नी मला ओळखत नाही त्या दिवशी मी तिला तिच्या नवऱ्याबद्दल विचारतो. ती सांगू लागते आणि तिचा स्वर हळूहळू निवळतो. ते ऐकणे सोपे नाही, पण आमच्यातला संवाद आता याच वाटेने होतो.

बोलताना समोरून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी आपल्याला अवघडल्यासारखे वाटेल इतका वेळ थांबावे. "आठवतं का?" हा प्रश्न मी पूर्णपणे टाळतो, कारण त्यामुळे गप्पांची परीक्षा होते आणि त्या परीक्षेत ती दरवेळी नापास होते.

प्रतिसाद २

मी समुपदेशक आहे. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: हे दुःख अगदी स्वाभाविक आहे आणि त्याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील कुटुंबतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी 1970च्या दशकात 'संदिग्ध वियोग' ही संकल्पना मांडली. व्यक्ती शरीराने जवळ असते, मनाने मात्र दूर गेलेली असते, आणि मृत्यू झालेला नसल्यामुळे आपल्या शोकाला कुणी शोक मानत नाही. म्हणून तो आतल्या आत साचतो. आपण एकाच वेळी पत्नीही आहात आणि त्या नात्याचा काही भाग गमावलेली व्यक्तीही आहात, आणि यातले एक खरे ठरवण्यासाठी दुसरे नाकारण्याची गरज नाही.

बंधूंविषयी. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अल्झायमरच्या 17 रुग्णांना दुःखद आणि आनंददायक चित्रफिती दाखवल्या होत्या. त्यांत काय पाहिले हे रुग्ण लवकरच विसरले, पण त्या दृश्यांनी जागवलेली भावना त्यानंतरही टिकून राहिली. म्हणजे बातमी पुसली जाते आणि तिचे दुःख मागे राहते. म्हणूनच या टप्प्यावर मृत्यूची बातमी पुन्हा पुन्हा सांगणे मला योग्य वाटत नाही. "भावाशी तुमचं फार जमायचं ना?" हे वाक्य खोटेही नाही आणि त्यांच्या ओढीला उत्तरही देते.

समोरची व्यक्ती आपल्या जोडीदारासारखी दिसणारी कुणी तोतया आहे, अशी ठाम समजूत होण्याला कॅपग्रा लक्षण म्हणतात. 1923 मध्ये जोसेफ कॅपग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञांनी त्याचे वर्णन केले. हा दोष आजाराचा आहे, आपल्या संसाराचा नव्हे. यजमानांच्या वागण्यात एक-दोन दिवसांत अचानक मोठा फरक पडला, तर मात्र तो आजार वाढल्याचे गृहीत धरू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणे किंवा नवे औषध यांमुळेही असे घडते, तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवावे.

प्रतिसाद ३

वरच्या मताला एक पुस्ती जोडावीशी वाटते. ज्यांच्या जोडीदाराचा आजार नुकताच सुरू झाला आहे, त्यांनी हे वेळ निभावण्याचे धोरण इतक्यात स्वीकारू नये. त्या काळात माणसाला स्वतःचा आजार बराचसा कळत असतो, आणि पैशांचे व्यवहार, पुढील उपचार, कुणी सांभाळावे यांविषयी त्याची इच्छा त्याच्याच तोंडून ऐकण्याची संधी नंतर मिळत नाही. आम्ही तो विषय 'आज नको' म्हणत पुढे ढकलणाऱ्यांपैकी नव्हतो, याचे मला आज फार समाधान आहे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. "कशी आहे ती?" असे मी काल विचारले. ते म्हणाले, "हट्टी आहे, पण माझ्यावाचून जेवत नाही." नंतर ते दारापासून आपणहून परत आले. एकच विचारायचे उरले: निर्णय घेताना जी सोबत होती, ती आता कुठून आणायची?

प्रतिसाद २

तितकी सोबत एका माणसाकडून मिळणार नाही, म्हणून ती वाटून घ्यावी लागेल. व्यवहाराचे एखाद्या अपत्याशी ठरलेल्या वारी बोलावे, मनातले एखाद्या मैत्रिणीशी किंवा काळजीवाहकांच्या गटात बोलावे, आणि त्या वेळेपुरते यजमानांजवळ दुसरे कुणीतरी बसेल अशी व्यवस्था आधी करावी. नाहीतर ते बोलणे दरवेळी राहून जाते. झोप उडाली, कशातच मन लागेनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर स्वतःसाठी वेगळी वेळ घेऊन डॉक्टरांना भेटावे. यजमानांच्या तपासणीतच ते उरकू नये.