सायट्रिक ॲसिडचे कार्बन डॉट्स: निळं नक्की चमकतंय काय?

पार्टटू_केमिस्ट्री
एमएस्सी प्रोजेक्टला कार्बन डॉट्स (काही नॅनोमीटरचे चमकणारे कार्बनचे कण) केलेत. सायट्रिक ॲसिड आणि एथिलीनडायअमीन पाण्यात, टेफ्लॉन लायनरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (बंद प्रेशर भांड्यात), २०० डिग्रीला ५ तास. सोल्युशन तपकिरी आलं, यूव्ही टॉर्चखाली एकदम जबरदस्त निळं. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) ३-४ नॅनोमीटरचे ठिपकेही दिसले. सीनियर म्हणतोय क्वांटम कन्फाइनमेंट (म्हणजे कणाच्या साइजवरून रंग ठरतो) लिहून मोकळा हो, पण एक्सायटेशन, म्हणजे टाकलेला प्रकाश, ३२० वरून ३७० नॅनोमीटर केलं तरी एमिशनचा, म्हणजे बाहेर येणाऱ्या चमकेचा, पीक ४४० च्या आसपासच, ४०० च्या पुढे गेलं की मग सरकतो. हे कसं काय?

इलेक्ट्रॉनभाऊ
सीनियरचं ऐकू नकोस बाबा. साइजप्रमाणे रंग बदलतो हे कॅडमियम सेलेनाइडच्या कणांना चपखल बसतं, तुझ्या रेसिपीला नाही. २०१३ च्या ज्या पेपरमुळे ही रेसिपी गाजली त्यात क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती चमक होऊन परत येतात) ८० टक्क्यांपर्यंत होतं, सगळे खूश, आणि २०१५ मध्ये दाखवलं गेलं की याच मिश्रणात आयपीसीए नावाचा लहानसा रेणू तयार होतो आणि तोच निळा चमकतो. पीक न हलणं हे त्याचंच लक्षण. ४०० च्या पुढचं सरकणारं अंधुक एमिशन मात्र कणांच्या सरफेस स्टेट्सचं (पृष्ठभागावरच्या ऊर्जापातळ्यांचं) असू शकतं. टीईएममधून कण आहेत एवढंच कळतं, ते चमकतात की नाही ते नाही कळत!!

लॅबमधली_ताई
साफ कसं केलंस ते आधी सांग.

पार्टटू_केमिस्ट्री
०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर मारला ताई.

लॅबमधली_ताई
अरे ते म्हणजे २२० नॅनोमीटरची भोकं, त्यातून कण पण जातात आणि रेणू पण. डायलिसिस कर, १००० डाल्टनची बॅग, म्हणजे साधारण त्याहून हलके रेणूच बाहेर पाण्यात जातील, पाणी बदलत राहा आणि बाहेरचं पाणी फेकू नकोस, त्याचाही स्पेक्ट्रम घे. चमक बाहेर आली असेल तर उत्तर मिळालंच. आणि यील्ड काढताना क्विनाइन सल्फेटशी (त्याचं यील्ड माहीत असतं) तुलना करशील तेव्हा ॲब्सॉर्बन्स, म्हणजे सोल्युशन किती प्रकाश शोषतं ते, ०.१ च्या खाली ठेव, घट्ट सोल्युशन स्वतःचाच प्रकाश गिळतं.

इलेक्ट्रॉनभाऊ
अजून एक, ३५० ला एक्साइट केलंस तर ३९७ च्या आसपास बारीक टोक दिसेल, ते पाण्याचं रामन आहे, म्हणजे पाण्यानेच विखुरलेला प्रकाश, एक्सायटेशनबरोबर तेही सरकतं. लोक त्याला खुशाल डॉट्सचं एमिशन म्हणून छापतात. आधी नुसत्या पाण्याचा ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचा स्पेक्ट्रम, घे.

पार्टटू_केमिस्ट्री
डिपार्टमेंटला ३५०० ची बॅग आहे, चालेल?

लॅबमधली_ताई
रेणू जातील, पण २ नॅनोमीटरच्या आतले बारके डॉट्सही निसटतील. मग बाहेरचं पाणी चमकलं तरी कोणामुळे ते सांगता येणार नाही. १००० चीच मागव.