झोजिला १९४८ : थिमय्यांचं नेमकं काम काय होतं?

डोंगरवेडा :
मंडळी, जूनमध्ये लडाखला जाऊन आलो. बालटाल सोडलं की झोजिला खिंडीचा घाट सुरू होतो, समोरून ट्रक आला की आमची गाडी दरीच्या अगदी कडेला, आईने तर डोळेच मिटून घेतलेले. ड्रायव्हर म्हणाला ४८ साली, पाकिस्तानबरोबरच्या पहिल्या युद्धात, इथून रणगाडे वर गेले. मला खरंच वाटेना. घरी येऊन थोडं वाचलं तर सगळीकडे जनरल थिमय्यांचं नाव. प्रश्न असा की डिव्हिजनचे प्रमुख म्हणून नाव लागतं तसं ते लागलंय, की त्यांच्यामुळे खरंच फरक पडला?

खडकीकर :
फरक पडला, आणि खूप पडला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये स्कर्दू पाकिस्तानच्या हाती पडलं, द्रास कारगिल आधीच गेलेलं, लेहचा रस्ता बंद. सप्टेंबरमध्ये ७७ पॅरा ब्रिगेडने झोजिलावर हल्ले केले ते फसले, कारण शत्रूच्या मशीनगन वर कड्यांमध्ये खोदलेल्या बंकरात आणि आपले जवान खालून उघड्यावर चढणार. हिवाळा तोंडावर आलेला, बर्फाने खिंड बंद झाली की लेह एकटं पडणार. अशा वेळी साडेअकरा हजार फुटांवर टँक न्यायचे हे ठरवणं आणि ते पार पाडणं हे थिमय्यांचं काम.

रानवाटा :
दादा बरोबर, पण सॅपर्सना, म्हणजे रस्ते-पूल करणाऱ्या सैन्यातल्या इंजिनिअरांना, विसरू नका. ७ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे स्टुअर्ट टँक जम्मूहून श्रीनगरला आणले ते टरेट (वरचा तोफेचा घुमट) काढून, एक तर वाटेतले पूल कच्चे आणि दुसरं म्हणजे कोणाला सुगावा लागायला नको. आणि बालटालच्या पुढे रस्ता कुठे होता, खेचरांची पायवाट. ती मद्रास सॅपर्सनी रुंद केली, तीही शत्रूच्या गोळीबारात. माझे वडील सॅपर होते, ते म्हणायचे टँक दिसतो सगळ्यांना, त्याच्याखालचा रस्ता कोणाला दिसत नाही. आपल्या राम राघोबा राणेंचं पण तेच ना, नौशेरा ते राजौरी सुरुंग काढत टँकला वाट करून दिली, एप्रिल ४८. परमवीरचक्र मिळालं.

डोंगरवेडा :
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग श्रेय सॅपर्सचंच जास्त नाही का?

खडकीकर :
मित्रा असं तोडून नाही बघता येत. रस्ता सॅपर्सनी केला, टँक राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या ७ कॅव्हलरीने चढवले, पण फसलेल्या हल्ल्यांनंतर जबाबदारी डोक्यावर घ्यायला कोणीतरी लागतं. हवामानामुळे तारीख पुढे गेली, शेवटी १ नोव्हेंबरला हल्ला झाला, आणि मेजर जनरल असलेला माणूस सगळ्यात पुढच्या टँकमध्ये बसलेला. मागून वायरलेसवर हुकूम देता आले असते की. त्याआधी मे महिन्यात लेहला पहिलं डाकोटा विमान उतरलं, हवाई दलाच्या मेहर सिंगांनी उतरवलेलं, तेव्हाही थिमय्या त्यात होतेच. एवढ्या उंचीवर टँक येतील असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं, बंकरांवर थेट तोफा सुरू झाल्या आणि खिंडीपलीकडच्या गुमरीपर्यंतची वाट त्याच दिवशी मोकळी झाली. नोव्हेंबरच्या मध्याला द्रास, २३ ला कारगिल. १ जानेवारीला युद्धविराम लागू झाला, म्हणजे हातात वेळ किती थोडा होता बघ.

डोंगरवेडा :
गुमरीला आमची गाडी थांबली पण नाही हो. आईला आत्ता हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणतेय पुढच्या वर्षी परत जाऊ, मी डोळे उघडे ठेवून बसेन.