मदत हवी आहे: युद्धाच्या दिवसांतल्या प्रार्थनासभेसाठी बायबलमधला हबक्कूक संदेष्ट्याचा ग्रंथ कसा वाचावा?

सर्वांना सलाम. दादरला बुधवारी संध्याकाळी देशासाठी पाऊण तासाची प्रार्थनासभा ठेवायची आहे. विषय: देव सार्वभौम आहे. सैनिकांची कुटुंबेही येतील, म्हणून वचने जपून निवडायला हवीत.

देवाच्या संरक्षणाचे स्तोत्र ९१ बहुतेक जण सुचवतात. पण ते 'आपल्या माणसाला काही होणार नाही' अशी हमी म्हणून वाचले, तर ज्यांचे माणूस गेले त्यांचा विश्वासच कमी पडला असा अर्थ निघतो. मत्तय ४:६ मध्ये सैतान नेमके हेच स्तोत्र तसे वापरतो. यिर्मया २९:११ मधल्या 'हिताच्या संकल्पां'चेही तसेच, आधीच्याच वचनातली बाबेलमधली ७० वर्षे कोणी वाचत नाही.

म्हणून कणा हबक्कूकचा ठेवला आहे: १:२-४ ची तक्रार, १:६ मधले देवाचे उत्तर, दोन मिनिटे शांतता, मग ३:१७-१९ मधला सर्व गमावूनही टिकणारा विश्वास. शेवटी १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे राज्यकर्त्यांसाठी आणि मत्तय ५:४४ प्रमाणे सीमेपलीकडच्यांसाठी प्रार्थना. हा शेवटचा भाग वेळेअभावी गाळू नये, असे ठाम वाटते.

अडचण १:६ ची आहे. खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांना देवच आपल्या प्रजेविरुद्ध उठवतो, हे ऐकून 'हल्ला देवाने घडवला' असे शोकातल्या आईला वाटेल. अध्याय २ मध्ये त्याच खास्द्यांवर पाच धिक्कार येतात. तो न्याय ऐकवणे गरजेचे आहे, पण सगळे वाचायला वेळ नाही. फक्त २:१२-१४ पुरेल का? की १:६ आधी दोन वाक्यांत समजावून सांगावे? पाळकांनी आणि शोकसांत्वनाचे काम करणाऱ्यांनी कृपया लिहावे. शांततेनंतर गाता येईल असे नारायण वामन टिळकांचे एखादे पदही सुचवा, पेटीवर सोपे असावे.