विषय: शनिवारची माउंट ऑबर्न फेरी – डबे कुठे उघडायचे?

शुभदा (सहल समिती):
मंडळी, एकेचाळीस नावं आली. एकच गोष्ट अडली आहे. माउंट ऑबर्न ही बॉस्टनजवळची बागेसारखी दफनभूमी, तिथे आत बसून खायला परवानगी नाही. गेल्या वर्षी वॉल्डनच्या तळ्याकाठी सतरंज्या टाकल्या तसं इथे चालणार नाही. वॉर्बलर हे छोटे स्थलांतरी पक्षी बघायचे तर गेट उघडताच आत शिरायला हवं, म्हणजे साडेअकराला सगळ्यांना भूक लागणार. पुरीभाजीची ऑर्डर उद्या द्यायची आहे. जागा सुचवा.

केदार:
हर्टर पार्क. नदीपलीकडे, गाडीने थोडाच वेळ. टेबलं आहेत. मोठ्या गटाला परवाना लागतो का, ते आज फोन करून विचारतो.

अविनाश:
केदार, जेवण कुठेही ठेवा, पण साडेअकरा ही वेळ मला मान्य नाही. ही फेरी नऊ वर्षं मी नेतोय. मेच्या पहिल्या पंधरवड्यात वॉर्बलर मध्य-दक्षिण अमेरिकेतून उत्तरेला जाताना इथून जातात. रात्रभर उडून पहाटे खाली बघतात तर सगळीकडे छपरं आणि रस्ते, त्यात हा १७५ एकरांचा हिरवा तुकडा. तिथेच उतरतात आणि ओकच्या कोवळ्या पालवीतल्या अळ्यांवर तुटून पडतात. मराठीत आपण वटवट्या म्हणतो खरं, पण आपल्याकडचे वटवटे वेगळ्या कुळातले. घड्याळाकडे बघत हे पक्षी दिसत नाहीत. शिवाय एकेचाळीस जण एकत्र नकोत, तीन गट करा.

मृणाल:
काका, तीन गट मान्य. पण आमची पाच-सहा वर्षांची मुलं तीन तास मान वर करून कशी राहतील? मुलांचा गट मी घेते. आधी वॉशिंग्टन टॉवर चढू, ६२ फूट आहे, वरून चार्ल्स नदी आणि अख्खं बॉस्टन दिसतं. मग हॅल्सियन तळं, मग स्फिंक्सचा पुतळा. एप्रिलमध्ये मी धाकटीला खालच्या डेलमधल्या, म्हणजे छोट्या दरीतल्या, डबक्यापाशी नेलं होतं. ठिपकेवाले सॅलॅमँडर, पालीसारखे दिसणारे उभयचर, तिथे अंडी घालतात. ती अजून रोज त्याबद्दल बोलते.

विजयामावशी:
मला एक विचारायचंय. मुलाबाळांना घेऊन स्मशानात सहल, हे बरं दिसतं का? कोणाचे अंत्यविधी चालू असतील आणि आपण दुर्बिणी घेऊन फिरणार. घरी आल्यावर आंघोळ करावी लागणार ते वेगळंच.

अविनाश:
मावशी, ती जागा मुळात याचसाठी केली. १८३१ साली बॉस्टनची चर्चची आवारं प्रेतांनी भरून गेली होती, रोगाची भीती होती. जेकब बिगेलो हे डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. त्यांनी बागकाम मंडळाला बरोबर घेऊन गावाबाहेर बाग आणि दफनभूमी एकत्र केली. अमेरिकेतली या तऱ्हेची पहिली. तेव्हा शहरांत मोठे बगीचे नव्हते, त्यामुळे लोक तिथे फिरायलाच जात. पण अंत्यविधी आजही होतात, हे तुमचं खरं. विधी दिसला की आपण दुसऱ्या वाटेने जायचं. थडग्यांवर पाय नाही, मोठ्याने हाका नाहीत. हे मी गेटवरच सगळ्यांना सांगेन.

नीलिमा:
मावशी, आमच्या ह्यांना तिथेच निरोप दिला, बिगेलो चॅपलमधल्या दाहिनीत. आपल्यातले बरेच जण आले होते. त्यानंतर वर्षभर माझा पाय तिकडे वळत नव्हता. मग डिसेंबरात मुलगी बळेच सॉल्स्टिसच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास तिथे होणाऱ्या कार्यक्रमाला, संध्याकाळी घेऊन गेली. चार वाजता अंधार पडतो तेव्हाच्या त्या थंडीत झाडांवर प्रकाश, मेणबत्त्या, आणि कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नाही. मला तिथे खूप दिवसांनी शांत वाटलं. आता प्रत्येक ऋतूत एकदा जाते. मुलांना जरूर आणा. तुम्हीही या, मी तुमच्याबरोबर हळूहळू चालेन.

सुहास (आता न्यू जर्सी):
यादीवर अजून आहे म्हणून लिहितो. दफनभूमीच बघायची तर आपल्या मंडळाने न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला बस का नेऊ नये? आनंदीबाई जोशींना तिथल्या रूरल सेमेटरीत पुरलंय. तीही अशीच बागेतली.

मृणाल:
सुहासदादा, पुरलेलं नाही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे, म्हणजे अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या बाईंकडे, पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. नावाचा दगड आहे. मी डॉक्टर झाले तेव्हा आईबाबांना घेऊन गेले होते. आईने दगडावर हळदकुंकू वाहिलं आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

केदार:
जायलाच हवं, पण बॉस्टनहून जाऊन-येऊन सात तास. ते ऑक्टोबरात, वेगळ्या मेलमध्ये. हर्टरचं बोललो, परवाना मी काढतो.

विजयामावशी:
नीलिमा, मी येते. गेटपाशी थांब. गुडघ्यामुळे टॉवर नको.

शुभदा:
ठरलं. तीन गट: काका, मृणाल, आणि तिसरा नीलिमाताईंचा, सावकाश चालणाऱ्यांसाठी. काका, तुम्हाला सव्वाबारापर्यंत वेळ. डबे गाड्यांमध्येच राहतील, हर्टरला एक वाजता. पुऱ्या तोवर वातड होतात, म्हणून दशम्या आणि कोरडी बटाट्याची भाजी सांगते. गाडी नसलेल्यांनी हार्वर्डहून ७३ नंबरची बस घ्या, गेटपाशी उतरवते. बेचाळीसावं नाव मावशींचं लिहिलं.