कॅमेऱ्याची बटणं कोणाच्या हातासाठी?

मंदशटर
मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे दरवर्षी हुशार होतायत. उडत्या पक्ष्याचा डोळा शोधून धरतात. शटरचं बटण मात्र जिथल्या तिथे, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. मागची डायल, जॉयस्टिक, एएफ-ऑन (फोकस धरायचं बटण) ही सगळी उजव्या अंगठ्याची कामं. माझ्या त्याच अंगठ्याला संधिवात आहे. थंडीत जॉयस्टिक ढकलली की कळ मनगटापर्यंत जाते. डावा हात ठणठणीत, पण तो नुसता लेन्सला खालून टेकू देतो.

मला 'सोपा' कॅमेरा नकोय. कंपन्यांच्या लेखी सोपं म्हणजे ऑटो. मला मॅन्युअलच वापरायचंय, फक्त दुसऱ्या बोटाने. प्रत्येक कामाला दुसरी वाट हवी, आणि ती न बघता सापडायला हवी. तुमचं काय मत?

लगीनघाई
काका, त्रास समजतो, पण मत उलटं आहे. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, मुलीची आई डोळे पुसते, हे सगळं पाच सेकंदांत. तेव्हा कॅमेऱ्याकडे कोण बघतो? बटणं ठरल्या जागी असतात म्हणून निभतं. ज्याला त्याला हवी तशी मांडणी दिली तर असिस्टंटची कॅमेरा बॉडी हातात आली की माझी बोंब!

आणि बाजार बघा. कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेचेच आकडे आहेत. २०१० साली १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. अशात डावरा कॅमेरा कोण काढणार? केबल रिमोट आहे, टच शटर आहे. भागवून घ्यायचं.

डावरी
डावरा कॅमेरा काढून झालाय, दादा. १९३६ चा जर्मन किने एक्झाक्टा. शटर डावीकडे, फिल्म पुढे सरकवायचा खटकाही डावीकडे. पुढे यशिकाने सामुराई कॅमेऱ्याची खास डावरी आवृत्ती काढली होती.

पण मी जन्माची डावखुरी असून मला तसला कॅमेरा नको. उजव्या शटरची सवय होते. खरी अडचण ज्यांचा उजवा हात चालतच नाही त्यांची. पक्षाघातानंतर माझे मामा कॅमेरा उलटा धरतात. कॅमेऱ्याचं डोकं खाली केलं की ग्रिप डाव्या मुठीत येते आणि शटर डाव्या अंगठ्याखाली. फोटो नंतर कंप्युटरवर सरळ करतात. हजारो रुपये मोजून कॅमेरा उलटा धरायचा, याला भागवणं म्हणायचं का?

पिक्सेलपंत
मुळात इतकी बटणं हवीत कशाला? भविष्य स्क्रीनचं आहे. गुगलने २०२२ मध्ये पिक्सेल ७ फोनवर गाइडेड फ्रेम आणलं. सेल्फी घेताना फोन बोलून सांगतो, जरा डावीकडे, जरा वर, आणि चेहरा चौकटीत आला की स्वतःच फोटो काढतो. दृष्टी नसलेला माणूसही वापरू शकतो. तुमचे कॅमेरेवाले अजून डायलच्या प्रेमात.

रानवेडा
पंत, जानेवारीत पहाटे भिगवणला होडीत बसा. हातमोजे, ओली बोटं आणि समोर रोहित पक्षी. मग बोलू टचबद्दल. कॅननने २०१८ मध्ये ईओएस आर कॅमेऱ्यावर बोट सरकवायची टचपट्टी दिली होती. नको तेव्हा लागायची, हवी तेव्हा लागायची नाही, अशी ओरड झाली. २०२० च्या आर ५ आणि आर ६ वर पट्टी गायब.

पण २०१८ मध्येच त्यांनी एक चांगली गोष्टही केली. त्या कॅमेऱ्याच्या आरएफ लेन्सवर कंट्रोल रिंग आली. तिला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) द्या, नाहीतर अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) द्या, फिरवतो डावा हात. काका, तुमची दुसरी वाट थोडी तरी इथे सापडते बघा.

मंदशटर
रानवेडा, अगदी! फुजीच्या अपर्चर रिंगच्या लेन्स पण अशाच. रिंग एफ १.४ च्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या छिद्राच्या, टोकाला अडेपर्यंत फिरवायची आणि तिथून टकटक मोजायची. तिसऱ्या टकला एफ २, सहाव्याला २.८. डोळे मिटून जमतं. उलट बॉडीवरची साधी डायल गोल गोल फिरतच राहते. तिला टोकच नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत ते स्क्रीन बघितल्याशिवाय कळत नाही.

पंत, बोलणारा फोन मला मान्य आहे. पण ते कॅमेऱ्यातही जमतं. सोनीच्या ए७आर ५ मध्ये मेन्यू वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आहे. बॉडीच तीन लाखांच्या वर! ज्याला नीट दिसत नाही त्याने आधी श्रीमंत व्हायचं. निकॉनच्या साध्या डी ५६०० मध्ये मेन्यूच्या भाषांत मराठी होती, ती सोय आकाशातून पडली नव्हती. कोणीतरी मनावर घेतलं म्हणून झाली.

पिक्सेलपंत
दृष्टिहीन माणूस तीन लाखांचा कॅमेरा घेऊन करणार काय, हाही प्रश्न आहेच की. राग नसावा.

डावरी
राग येतोच. पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये मुंबईत 'ब्लाइंड विथ कॅमेरा' सुरू केलं. तिथे शिकलेल्या दृष्टिहीनांच्या फोटोंची प्रदर्शनं भरली आहेत. आवाजाचा अंदाज घेऊन, हाताने चाचपून, उन्हाची ऊब कुठून येते ते ओळखून चौकट ठरवतात. करणार काय, हे त्यांचं ते बघतील. आपण बटणांचं बोलू.

लगीनघाई
रिंगची गोष्ट पटली. रिसेप्शनला स्टेजचे लाइट सारखे बदलतात, तिथे डाव्या हाताला आयएसओ मिळालं तर माझाच फायदा. पण शटर हलवायला माझा विरोध कायम. ती एक जागा पक्कीच हवी.

मंदशटर
शटर हलवा म्हणतंय कोण? आणखी एक द्या म्हणतोय. उभ्या फोटोसाठी तुम्ही खाली व्हर्टिकल ग्रिप, म्हणजे जोडायची दुसरी मूठ, लावता ना? तिच्यावर दुसरं शटर आहे, दुसरी डायल आहे, दुसरं एएफ-ऑन आहे. तिथे ना खर्च आड आला, ना असिस्टंटचा घोळ झाला. फक्त तेही सगळं उजव्याच हाताला दिलंय.